मेगावॅटच्या पाटीवर आणखी काय लिहायला हवं

नव्या सौर प्रकल्पाची बातमी आली की त्यात एकच आकडा ठळक असतो: इतके मेगावॅट. पवनऊर्जा असो की जलविद्युत, तोच आकडा. त्यावर अनुदानं ठरतात, उद्दिष्टं गाठल्याचं जाहीर होतं आणि कोणतं तंत्र सरस याची भांडणंही त्यावरच होतात. माझ्या मते हा आकडा तुलनेला पुरत नाही, आणि तो पुरतो असं मानून चालणं ही केवळ तांत्रिक चूक नाही. ज्या प्रकल्पाला लोकांचा पैसा, लोकांची जमीन किंवा लोकांच्या वीजबिलातून हमी मिळते, त्यानं प्रत्यक्षात किती वीज दिली, कोणत्या तासाला दिली आणि त्या तासाला ऊन, वारा, तापमान किंवा पाणी किती होतं, हे सगळ्यांना पाहता येईल असं मांडणं बंधनकारक असलं पाहिजे. ती माहिती नसेल तर आपण दोन तंत्रांची नाही, दोन जाहिरातींची तुलना करत असतो.

सौर पॅनेलपासून सुरुवात करू, कारण तिथे गोष्ट अक्षरशः हाताला लागते. पॅनेलच्या मागे चिकटवलेल्या लेबलवर 500 वॅट लिहिलेलं असतं. हा आकडा खोटा नाही. पण तो कसा मोजलाय ते पाहा: दर चौरस मीटरवर 1000 वॅट प्रकाश, ठरावीक वर्णपट आणि सेलचं तापमान 25 अंश सेल्सिअस. कारखान्यात चाचणी घेताना प्रकाशाचा झोत काही मिलिसेकंदच पडतो, त्यामुळे पॅनेलला तापायला सवडच मिळत नाही. बाहेर तेच पॅनेल दिवसभर उन्हात उभं असतं. भर दुपारी त्याच्या मागच्या बाजूला तळहात टेकवून पाहा, दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागतो. हवा 35 अंशांवर असेल आणि वारा पडलेला असेल, तर आतला सेल 65 अंशांपर्यंत सहज जातो. आजच्या सिलिकॉन पॅनेलची क्षमता दर अंशाला साधारण 0.35 टक्क्यांनी घटते. 25 वरून 65 म्हणजे 40 अंश, म्हणजे 14 टक्के घट. ऊन पूर्ण असतानाही लेबलवरचे 500 वॅट 430 वर आले.

मग उष्ण प्रदेशात सौर वीज तोट्याची का? अजिबात नाही. इथेच तुलना करणारे घसरतात. सौर क्षेत्रात परफॉर्मन्स रेशो नावाचं एक माप आहे. जितकं ऊन पडलं त्या मानानं लेबलनुसार जेवढी वीज मिळायला हवी होती, त्यातली प्रत्यक्षात किती मिळाली, हे ते सांगतं. थंड, ढगाळ प्रदेशात हे माप हमखास चांगलं येतं, कारण पॅनेल तापतच नाही. पण उत्तर जर्मनीत वर्षभरात दर चौरस मीटर सपाट जमिनीवर साधारण 1000 युनिट ऊर्जेचं ऊन पडतं आणि चिलीच्या अटाकामा वाळवंटात 2500 च्या आसपास. ढोबळ हिशेब करू. एक किलोवॅटच्या पॅनेलला पहिल्या ठिकाणी 0.87 चा रेशो मिळाला तर वर्षाला 870 युनिट होतात. दुसऱ्या ठिकाणी उष्णतेनं आणि धुळीनं तो 0.77 वर घसरला, तरी 1925 होतात. ज्याचा रेशो वाईट, त्यानंच दुपटीहून जास्त वीज दिली. रेशो हे यंत्राच्या तब्येतीचं माप आहे, जागेच्या भाग्याचं नाही. दोन जागांची तुलना करायला तो वापरला की निष्कर्ष उलटा येतो, आणि एकाच जागेवरच्या दोन यंत्रणांची तुलना करायला त्याच्याइतकं प्रामाणिक माप क्वचितच सापडेल.

सावलीचं तर वेगळंच आहे. बऱ्याच पॅनेलमध्ये सेल तीन गटांत एकापाठोपाठ जोडलेले असतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड असतो, म्हणजे गट अडला तर वीज त्याला वगळून पुढे नेणारा भाग. शेजारच्या खांबाची हातभर सावली एका कोपऱ्यातल्या एकाच सेलवर पडली, तर त्या अडलेल्या सेलमुळे त्याच्या गटातले सगळेच गाडीतून उतरवले जातात. क्षेत्रफळाच्या एक-दोन टक्क्यांवर सावली, आणि पॅनेलची एक तृतीयांश वीज गायब. लेबल तेच, कंपनी तीच, ऊनही तेच. फरक फक्त पॅनेल बसवणाऱ्यानं खांब पाहिला की नाही, एवढाच.

उन्हाचेही दोन प्रकार आहेत, आणि त्यांचा फरक एका ज्वालामुखीनं साऱ्या जगाला दाखवून दिला. जून 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला. त्यानं वातावरणाच्या वरच्या थरात फेकलेल्या सूक्ष्म कणांमुळे थेट येणारं ऊन कमी झालं आणि विखुरलेला प्रकाश वाढला. जमिनीवर पोचणाऱ्या एकूण प्रकाशात फार मोठी घट नव्हती. पण कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात आरशांनी ऊन एकवटून वाफ करणारे जे प्रकल्प होते, त्यांची निर्मिती चांगलीच घसरली, कारण आरशाला विखुरलेला प्रकाश एका रेषेवर आणता येत नाही. साध्या पॅनेलला तो चालतो. म्हणूनच धुरकट, दमट हवेच्या प्रदेशात आरशांचा प्रकल्प उभारून नंतर ‘हे तंत्रच वाया गेलेलं आहे’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. कोरड्या, निरभ्र आकाशाखाली तेच तंत्र तापलेल्या मिठात उष्णता साठवून रात्री वीज देतं, जे नुसत्या पॅनेलला जमत नाही.

परिस्थिती लक्षात घेऊन मोजमाप करणं अशक्य आहे असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं इन्व्हर्टरचं उदाहरण पाहावं. पॅनेलमधली वीज ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, चालेल अशी करून देणारं हे यंत्र पूर्ण भारावर वेगळी कार्यक्षमता दाखवतं, अर्ध्या भारावर वेगळी. युरोपातल्या तंत्रज्ञांनी त्यासाठी एक सरासरी ठरवली. तिच्यात अर्ध्या भारावरच्या कार्यक्षमतेला 48 टक्के वजन आहे आणि पूर्ण भाराला 20. कॅलिफोर्नियानं स्वतःची वेगळी सरासरी केली. तिथे तीन चतुर्थांश भाराला 53 टक्के वजन आहे आणि पूर्ण भाराला जेमतेम 5. यंत्र एकच, पण युरोपचं ऊन मवाळ आणि कॅलिफोर्नियाचं कडक, म्हणून गुणपत्रिका दोन. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कुणीतरी शांतपणे बसून विचार केला की आमच्याकडे हे यंत्र वर्षातला बहुतेक वेळ कोणत्या भारावर चालतं, आणि त्यानुसार मोजपट्टीच बदलली. पॅनेलसाठीही आंतरराष्ट्रीय मानक आता तिकडे वळलं आहे. आयईसी 61853 या मानकात पॅनेल एकाच स्थितीत न मोजता 100 ते 1100 वॅट प्रकाश आणि 15 ते 75 अंश तापमान यांच्या 22 जोड्यांवर मोजतात, आणि सहा वेगवेगळ्या हवामानांत त्याची वर्षभराची ऊर्जा किती होईल याचा हिशेब मांडतात. साधन हाताशी आहे. खरेदीच्या निविदांनी ते मागायला हवं.

वाऱ्याचं गणित याहून कठोर. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला 6 मीटरचा वारा 8 मीटर झाला, म्हणजे वेग एक तृतीयांशानं वाढला, तर त्यातली शक्ती जवळजवळ 2.4 पट होते. म्हणून जागा निवडताना वाऱ्याच्या अंदाजात झालेली लहानशी चूक वीस-पंचवीस वर्षं भोगावी लागते. त्यात हवेची घनता येते. समुद्रसपाटीला ती 1.225 किलो प्रति घनमीटर धरतात. 2000 मीटर उंचीवर ती साधारण 18 टक्क्यांनी कमी असते, म्हणजे तिथला तोच वेग तेवढी वीज देत नाही. वारा 3-4 मीटरच्या खाली असेल तर चक्की फिरून उपयोग नाही, आणि 25 च्या वर गेला की स्वतःला वाचवण्यासाठी ती थांबते. शिवाय शेजार आहेच. डेन्मार्कच्या समुद्रातल्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पाचा फेब्रुवारी 2008 मधला एक फोटो प्रसिद्ध आहे. पुढच्या रांगेतल्या पवनचक्क्यांच्या मागे धुक्याच्या लांबच लांब शेपट्या पसरल्या आहेत आणि मागच्या रांगा त्या शेपट्यांत बुडाल्या आहेत. पुढच्या चक्कीनं वापरलेला वारा मागचीला मिळतो, तोही घुसळलेला. एकट्या चक्कीच्या चाचणीवरून अशा 80 चक्क्यांचा अंदाज बांधला तर तो फसणारच.

आता एका फसव्या टक्केवारीबद्दल, कारण सार्वजनिक चर्चेत सर्वांत जास्त गोंधळ तिनंच घातला आहे. स्थापित क्षमतेपैकी वर्षभरात सरासरी किती वापरात आली, त्याला क्षमता-वापराचं प्रमाण म्हणतात. ऐकायला हे माप निर्दोष वाटतं. पण त्यातला छेद कोण ठरवतो? 130 मेगावॅटची पॅनेल 100 मेगावॅटच्या इन्व्हर्टरला जोडली आणि वर्षाची सरासरी निर्मिती 26 मेगावॅट आली असं धरा. इन्व्हर्टरनं भागलं तर 26 टक्के, पॅनेलनं भागलं तर 20. एका थेंबानंही वीज वाढलेली नाही. पवनचक्कीतही मोठी पाती आणि त्या मानानं लहान जनित्र बसवलं की हे प्रमाण वाढतं. अशी रचना करण्यात गैर काही नाही, मंद वाऱ्याच्या जागी तीच शहाणपणाची आहे. गैर आहे ते छेद न सांगता टक्का सांगणं. दोन देशांच्या किंवा दोन प्रकल्पांच्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवणाऱ्या कुणालाही मी पहिला प्रश्न हाच विचारेन: कशानं भागलंय?

पाण्याच्या बाबतीत मेगावॅटची पाटी किती दिशाभूल करू शकते, याचं याहून मोठं उदाहरण नाही: चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणाची क्षमता 22,500 मेगावॅट, तर ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवरच्या इताइपू धरणाची 14,000. पाटी वाचणारा पैज कुणावर लावेल हे उघड आहे. पण 2016 मध्ये इताइपूनं 10,310 कोटी युनिट वीज दिली आणि थ्री गॉर्जेसनं सुमारे 9,350 कोटी. धाकट्यानं थोरल्याला मागे टाकलं. कारण इताइपू ज्या नदीवर आहे त्या पारानाचा प्रवाह वर्षभर बराच एकसारखा असतो आणि वरच्या बाजूला तिच्या खोऱ्यात अनेक धरणं आहेत. थ्री गॉर्जेसच्या यांगत्से नदीला मात्र पावसाळ्यात महापूर आणि हिवाळ्यात पाण्याची ओढ, शिवाय थ्री गॉर्जेसचं एक मुख्य काम वीज नसून पूर अडवणं हे आहे. पूर येण्याआधी त्याला तलाव मोकळा करून ठेवावा लागतो. म्हणजे यंत्र कमी पडलं असं म्हणणंही चूकच, त्याच्यावर जबाबदारी वेगळी होती. आणि इताइपूचा विजय कायमचा नव्हता. 2021 च्या दुष्काळात त्याचीच निर्मिती 6,640 कोटी युनिटांच्या आसपास खाली आली. टर्बाइनं तीच, माणसं तीच, नदी तीच, फक्त पाऊस वेगळा. एका वर्षाच्या आकड्यावरून जलविद्युत प्रकल्पाचा गौरव करणारे आणि एका वर्षाच्या आकड्यावरून त्याला मोडीत काढणारे, दोघंही घाई करतात.

भूगर्भातल्या उष्णतेचं आणि बॅटरीचं थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातलं द गीझर्स हे भूऔष्णिक क्षेत्र 1980 च्या दशकाच्या अखेरीस उतरणीला लागलं, कारण वाफ उपसण्याचा वेग पाणी परत मुरण्यापेक्षा जास्त होता. पुढे आसपासच्या वस्त्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळांनी आणून जमिनीत सोडू लागले तेव्हा ती घसरण सावरली. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आत धातूचा थर साचून ती खराब होते, आणि कायम उकाड्यात ठेवली तर लवकर म्हातारी होते. तिचं आयुष्य ‘इतकी वर्षं’ असं तापमान न सांगता लिहिणं ग्राहकावर अन्याय करणारं आहे.

माझ्या आग्रहावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. असे आकडे उघडे केले तर अक्षय ऊर्जेचे विरोधक त्यातला एखादा वाईट महिना उचलून झोडपतील. भीती खरी आहे. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात टेक्सासमध्ये लाखो घरं अंधारात गेली, तेव्हा हेलिकॉप्टरमधून पवनचक्कीच्या पात्यावरचा बर्फ काढतानाचा एक फोटो जगभर फिरला आणि दोष वाऱ्याला देण्यात आला. फोटो स्वीडनमधला, काही वर्षांपूर्वीचा होता. टेक्सासच्या चक्क्या गोठल्या हे खरंच, कारण बहुतेकांना पाती गरम ठेवण्याची सोय नव्हती. पण बंद पडलेल्या वीजनिर्मिती संचांत सर्वांत मोठा वाटा नैसर्गिक वायूच्या संचांचा होता, तेही थंडीसाठी तयार नव्हते म्हणून. हे सगळं ठामपणे सांगता आलं ते अमेरिकी नियामक संस्थांनी संचनिहाय चौकशी करून अहवाल दिला म्हणून. माहिती झाकलेली असती तर फोटोच जिंकला असता.

दुसरं उदाहरण मला अधिक पटतं. 2012 मध्ये ब्रिटनमध्ये गॉर्डन ह्यूज या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की जमिनीवरच्या पवनचक्क्या भराभर झिजतात. पहिल्या वर्षी 24 टक्के असलेला क्षमतेचा वापर दहाव्या वर्षी 15 टक्क्यांवर आणि पंधराव्या वर्षी 11 वर येतो, असा त्यांचा दावा होता. तो खरा ठरला असता तर पवनऊर्जेचं सगळं अर्थकारणच कोसळलं असतं. 2014 मध्ये इम्पीरियल कॉलेजच्या इयन स्टॅफेल आणि रिचर्ड ग्रीन यांनी ब्रिटनच्या प्रकल्पांची निर्मितीची सार्वजनिक नोंद घेतली, पण सोबत त्या त्या जागी त्या त्या महिन्यात वारा किती होता हेही उपग्रह आणि हवामानाच्या नोंदींवरून काढलं आणि त्याचा परिणाम वजा केला. घट उरली ती वर्षाला सुमारे 1.6 टक्के. नवी असताना 28.5 टक्के असणारा वापर एकोणिसाव्या वर्षी 21 टक्क्यांवर येतो. म्हणजे चक्क्या झिजतात, ही गोष्ट दडवता येण्यासारखी नाही, पण दहा वर्षांत मोडीत निघत नाहीत. वाद मिटवण्याची ही रीत मला अत्यंत आदरणीय वाटते. दोन्ही बाजूंना आकडे उपलब्ध होते, आणि परिस्थिती हिशेबात घेतली तेव्हा चित्र स्वच्छ झालं. पॅनेलच्या बाबतीतही जगभरच्या जवळपास 2000 मोजमापांतून वर्षाला अर्धा टक्का ही मध्यक घट निघाली, ती लोकांनी आपापले आकडे छापले म्हणूनच.

कंपन्या म्हणतात की ही व्यवसायाची गुपितं आहेत. प्रकल्प उभा राहण्याआधी वारा मोजण्यावर एखाद्यानं पैसे खर्च केले, तर ती नोंद काही काळ त्याचीच राहावी, हे मला मान्य आहे. पण प्रकल्प उभा राहिल्यावर, जागा मिळाल्यावर, वीज विकायला लागल्यावर तीन-चार महिने उशिरानं तासागणिक आकडे देण्यात कोणतं गुपित फुटतं? डेन्मार्कमध्ये देशातल्या एकूण एक पवनचक्कीची नोंद सार्वजनिक आहे, कधी उभी राहिली, किती उंचीची, कोणत्या वर्षी किती वीज दिली. अमेरिकेचं ऊर्जा माहिती प्रशासन प्रकल्पनिहाय मासिक निर्मिती छापतं. युरोपात 2015 पासून 100 मेगावॅट आणि त्याहून मोठ्या संचांची निर्मिती ग्रिडचालकांच्या सामायिक मंचावर दिसते. यातला कोणताही उद्योग त्यामुळे बुडालेला नाही. उणीव एवढीच की बहुतेक ठिकाणी वीज दिसते, पण तिच्याशेजारी ऊन-वारा दिसत नाही.

म्हणून नुसती ‘माहिती द्या’ ही मागणी मला पुरेशी वाटत नाही. मीटरवरची तासाची निर्मिती हवी, आणि त्याच ओळीत पॅनेलच्या प्रतलावरचं ऊन व पॅनेलचं तापमान, किंवा चक्कीच्या उंचीवरचा वारा, किंवा धरणातून सोडलेलं पाणी आणि पातळी. यंत्र त्या तासाला चालू स्थितीत होतं की दुरुस्तीसाठी बंद, हे हवं. आणि एक रकाना असा, जो नेहमी राहून जातो: ग्रिडनं वीज नको म्हणून प्रकल्प थांबवायला सांगितलं होतं का? भर दुपारी सगळीकडे सौर वीज ओसंडते तेव्हा धडधाकट प्रकल्पही थांबवले जातात. हा रकाना नसेल तर निर्दोष यंत्राच्या नावावर वाईट कामगिरी लागते, आणि खरा प्रश्न तारांचा किंवा साठवणीचा आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

हे कलम करारात घालायची वेळ सही होण्याआधीची असते. नंतर मागितलं की प्रत्येक मोजयंत्राचा वेगळा खर्च सांगितला जातो. आणि मोजयंत्रांवरही लक्ष ठेवावं लागतं. ऊन मोजणाऱ्या यंत्रावर काचेचा छोटा घुमट असतो. त्यावर धूळ बसली की त्याला ऊन कमी दिसतं. कमी उन्हात इतकी वीज म्हणजे रेशो छान, आणि मळकी पॅनेल कागदावर चकचकीत ठरतात. तेव्हा तो घुमट शेवटचा कधी पुसला आणि ते यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलं, या दोन तारखाही त्याच तक्त्यात छापलेल्या असाव्यात.